नाताळचा दिवस नैरोबीतल्या बालगृहात घालवायचा आहे, काय तयारी करावी?

दोघींची आई

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही गेल्या वर्षी नैरोबीला आलो. दोन मुली आहेत, थोरली अकरा वर्षांची, धाकटी सात. शाळेत नाताळची गाणी बसवायला सुरुवात झाली तेव्हा थोरलीने विचारलं, "ज्यांना आईबाबा नाहीत त्यांचा ख्रिसमस कोण करतं?" तेव्हापासून घरात हाच विषय आहे.

नवऱ्याच्या ऑफिसातला एक गट दर वर्षी २५ डिसेंबरला शहराच्या पूर्वेकडच्या एका बालगृहात जातो. तिथे चाळीसेक मुलं आहेत, अगदी तीन वर्षांपासून सतरा वर्षांपर्यंत. सकाळी जायचं, खेळ घ्यायचे, केक कापायचा, भेटवस्तू वाटायच्या, मुलांबरोबर जेवायचं आणि संध्याकाळी परत, असा त्यांचा बेत असतो. या वर्षी आम्हीही जायचं म्हणतोय. संस्थेच्या बाईंनी फोनवर सुचवलं की २४ लाच या आणि रात्री मुलांबरोबर राहा, मुलांना फार आनंद होतो.

भेटवस्तू काय न्याव्यात? प्रत्येकाच्या नावाची वेगळी की सगळ्यांना एकसारखी? रात्री राहणं ठीक आहे का? माझ्या मुलींना हे झेपेल का? आणि एखाद्या मुलाचा महिन्याचा खर्च उचलायचा झाला तर मूल आपण निवडायचं की संस्था ठरवते?

मला हे मनापासून करायचं आहे. मुलींना सुट्टी म्हणजे मॉल आणि मसाई मारा एवढंच वाटू नये, ही इच्छा आहे. ज्यांनी असं काही केलं असेल त्यांनी कृपया लिहा.

भटक्या

खूप छान विचार. नक्की जा! मी कामानिमित्त मोंबासाला होतो तेव्हा एका नाताळला मित्रांबरोबर असाच गेलो होतो, अजून आठवतो तो दिवस. फुटबॉल न्या आणि त्याबरोबर हवा भरायचा पंप न्याच, तो कोणी नेत नाही आणि चेंडू आठवड्यात बसतो. मोठ्या मुलींसाठी सॅनिटरी पॅड न्या. भेटी सगळ्यांना एकसारख्याच द्या, नाहीतर भांडणं होतात. चॉकलेट गरमीत वितळतं. मुलींना जरूर न्या, त्यांना आयुष्यभर पुरेल असं काही मिळेल.

किसुमूवासी

दोघींची आई, तुमच्या थोरलीने फार मोलाचा प्रश्न विचारलाय. मी जिथे राहते तिथे त्याचं उत्तर दर डिसेंबरला बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी किसुमूत फिजिओथेरपिस्ट आहे. इथल्या एका बालगृहात हातापायांत दोष असलेली काही मुलं आहेत. त्यांना व्यायाम द्यायला बरीच वर्षं जाते आहे. त्यामुळे तिथली समाजसेविका, स्वयंपाकघरातल्या बायका, रात्रपाळीला मुलं सांभाळणाऱ्या बायका (मुलं त्यांना 'मम' म्हणतात), सगळ्यांशी घरोबा झालाय.

भेटवस्तूंचा विचार करण्याआधी संस्थेला एकच गोष्ट विचारा: तुमच्याकडची किती मुलं नाताळला घरी जातात?

अनाथाश्रम म्हटलं की मुलांना घर नाहीच, असं आपण धरून चालतो. पण इथल्या बालगृहांतल्या बहुतेक मुलांना आई किंवा वडील, निदान आजी, मामा, मावशी असं कोणीतरी आहे. नव्वदच्या दशकात एड्सने या भागातली, व्हिक्टोरिया सरोवराकाठची, गावंच्या गावं पोखरली. १९९९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी तो राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केला. तेव्हा खरोखर दोन्ही पालक गमावलेली असंख्य मुलं मागे राहिली. त्यांतल्या बहुतेकांना आज्यांनी वाढवलं, काहींसाठी चर्चनी आणि परदेशी देणगीदारांनी घरं उघडली. पुढे औषधं आली, आजारी आईबाप जगू लागले, २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळेची फी माफ झाली. बालगृहं मात्र राहिली. आज मूल तिथे येतं ते बहुतेकदा गरिबीपायी. आई एकटी आहे, आजी थकली आहे, गणवेश आणि वह्या परवडत नाहीत, किंवा मूल अपंग आहे आणि गावाजवळ उपचार नाहीत. संस्थेत जेवण, पलंग आणि शाळा मिळते म्हणून घरचेच आणून सोडतात. सोडताना त्यांच्या जिवाचं काय होत असेल ते मी पाहिलंय.

आता डिसेंबर. शाळेचं वर्ष संपलेलं असतं, नवं जानेवारीत सुरू होतं. मधला काळ गावी जायचा. तुम्ही नैरोबीत हे पाहालच, २० तारखेनंतर शहर रिकामं होतं. बसच्या टपावर गाद्या, पोती, सायकली, आणि भाडं एरवीच्या दीडपट-दुप्पट. गावात चर्च, नवे कपडे, कोंबडी किंवा बकरा, सोडा आणि चपात्या. होय, चपात्या! केनियात चपाती हे सणाचं जेवण आहे, आणि नाताळच्या आदल्या रात्री घराघरांत पिठाचे गोळे करायला मुलं बसतात. बालगृहातल्या मुलाच्या वर्गातली बाकी सगळी मुलं जानेवारीत याच गोष्टी सांगणार असतात. त्यालाही त्याच सांगायच्या असतात.

आमच्या समाजसेविकेच्या खोलीत डिसेंबरची यादी लावलेली असते. मुलाचं नाव, गाव, न्यायला कोण येणार, फोन नंबर. मुलं ती यादी दिवसातून चार वेळा बघून जातात. ज्यांना अजून वाचता येत नाही ती मोठ्यांकडून वाचून घेतात, आणि मग बोट ठेवून आपली ओळ कुठली ते लक्षात ठेवतात.

एका वर्षी असं झालं. एका परदेशी गटाने कळवलं की आम्ही २५ ला येतोय, सर्व मुलांसाठी भेटी आणतोय. व्यवस्थापकांनी मुलांचं गावी जाणं २७ तारखेवर ढकललं. पाहुण्यांना अंगण रिकामं दिसलं तर पुढच्या वर्षीचे पैसे येणार नाहीत ही भीती, आणि ती भीती अगदीच खोटी नव्हती. पण हा निरोप सियायाच्या बाजूच्या एका आजीपर्यंत पोचलाच नाही. ती २३ ला नातवाला न्यायला आली. फाटकाशी सावलीत बसून राहिली. तिला चहा दिला, नीट समजावलं, २७ नंतर या म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा यायला तिच्याकडे भाडं नव्हतं. तो मुलगा त्या सुट्टीत घरी गेलाच नाही.

पाहुण्यांना यातलं काहीही कळलं नाही. ते चांगले लोक होते. दिवसभर मुलांना खांद्यावर घेऊन नाचले, निघताना त्यांच्यातली एक मुलगी हुंदके देत होती. मुलाच्या हातात रिमोटची गाडी होती, आणि तिचे सेल दोन दिवसांत संपले.

म्हणून म्हणते, आधी तो प्रश्न विचारा. तुमच्या येण्यासाठी एकही मूल थांबवून ठेवू नका, असं स्पष्ट सांगा. लेखी सांगितलंत तर आणखी उत्तम.

रात्री राहण्याबद्दल: नको. तिथे झोपायच्या खोलीत रोजच्या मम आहेत, त्यांनाच तिथे असू दे. तुम्ही कितीही चांगल्या असलात तरी मुलांसाठी परक्या आहात, आणि परक्या माणसाला रात्री मुलांजवळ राहू देणाऱ्या संस्थेची मला काळजीच वाटते. आज तुम्ही आहात, उद्या कोण असेल?

तुमच्या मुलींना तिथे एक गोष्ट दिसेल, तिची आधी कल्पना द्या. तीन-चार वर्षांची मुलं धावत येतील, गळ्यात पडतील, कडेवर बसतील, सोडणार नाहीत. आपल्याला वाटतं, किती प्रेमळ मुलं! घरात वाढलेलं मूल अनोळखी माणूस आला की आधी आईच्या मागे लपतं, मग हळूच डोकावतं. हे लपणं निरोगी असतं. जे मूल कोणाच्याही गळ्यात पडतं त्याला माणसं येतात आणि जातात एवढंच माहीत झालेलं असतं. रुमानियात, बुखारेस्टमध्ये, २००० च्या सुमारास १३६ लहान मुलांचा मोठा अभ्यास सुरू झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवली, उरलेल्यांची संस्थेतली देखभाल चालू राहिली. कुटुंबात गेलेली मुलं बोलण्यात, बुद्धीत, माणसाशी नातं जोडण्यात पुढे गेली, आणि साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचा फायदा सगळ्यात जास्त झाला. मला या अभ्यासाची आठवण दर डिसेंबरला येते, कारण २५ तारखेला एखाद्या मुलाला कडेवर घेणारे हात मोजले तर खूप निघतील, आणि २६ ला तेच मूल फाटकाच्या गजांना धरून उभं असतं.

मग करायचं काय? घरी जाणाऱ्या मुलांचा प्रवास तुमच्या गटाने उचला. मुलाचं आणि न्यायला येणाऱ्या माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं. बरोबर घरी न्यायला एक पिशवी: मक्याचं पीठ, चपातीसाठी गव्हाचं पीठ, तेल, साखर, चहा, साबण. मूल रिकाम्या हाताने घरी गेलं तर खाणारं एक तोंड वाढलं असं होतं. पिशवी घेऊन गेलं तर घरात त्याचा मान असतो. मी हे आज्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. कपडे द्यायचे तर संस्थेकडून मापं घ्या आणि नवे घ्या. चर्चमध्ये त्या दिवशी सगळी मुलं नवं घालून येतात, यांनीही यावं.

काही मुलं उरतीलच. कोणाची कोर्टात केस चालू असते, कोणाला घरीच मारहाण झालेली असते, कोणी रस्त्यावर सापडलेलं तान्हं असतं. त्यांचा नाताळ छोटा असू दे, ओळखीच्या माणसांबरोबर. त्या दिवशी आपलं घर सोडून कामावर येणाऱ्या ममला जादा पगार मिळतो का ते विचारा, नसेल तर तो तुम्ही द्या. मुलांसाठी याहून चांगली भेट मला माहीत नाही.

आणि तुम्ही स्वतः जानेवारीत जा. डिसेंबरात केक खाऊन मुलांची पोटं बिघडतात, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गणवेश, बूट, वह्या, परीक्षा फी यांची यादी घेऊन समाजसेविका फोन फिरवत बसते. तेव्हा कोणी उचलत नाही.

अनघड

किसुमूवासी, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हे जरा कडक होतंय असं वाटतं. देणगीदार मुलांना भेटलेच नाहीत तर त्यांच्या मनात आपलेपणा कसा येणार? न बघता पैसे पाठवणारे किती? आणि ज्या घरी खायला नाही तिथे मूल पाठवून नेमकं काय साधणार? संस्थेत निदान तीन वेळा जेवतं.

हिशेबनीस

मी नैरोबीत ऑडिटचं काम करतो, काही बालगृहांचे हिशेब नजरेखालून गेलेत. कायद्याचं थोडं सांगतो.

२०१७ च्या नोव्हेंबरात सरकारने नव्या खासगी बालगृहांची नोंदणी थांबवली. त्यामुळे एखादी संस्था 'आम्ही नवीन आहोत, नोंदणी होतेय' म्हणत असेल तर तिथून परत फिरा. २०२२ चा मुलांविषयीचा कायदा म्हणतो की संस्था हा शेवटचा उपाय, आणि मूल ठेवायला मुलांच्या न्यायालयाचा आदेश लागतो. त्याच वर्षी सरकारने २०३२ पर्यंतचं धोरण जाहीर केलं, मुलांना संस्थांतून कुटुंबांत नेण्याचं. म्हणजे 'घरी पाठवा' हे कोणा एकाचं मत नाही, देशाचं ठरलेलं धोरण आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही १८ डिसेंबर २०१९ ला मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथाश्रमांतल्या पर्यटनाशी जोडलेल्या स्वयंसेवेच्या धोक्यांचा उल्लेख केलाय.

ताई, संस्था ज्या सब-काउंटीत (तालुक्यासारखा भाग) आहे तिथल्या चिल्ड्रन्स ऑफिसरला, म्हणजे मुलांचं काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, फोन करून संस्थेबद्दल विचारा. तो संस्थेला ओळखत नसेल तर विषय संपला. मुलांचे फोटो काढू नका. २०१९ च्या माहिती संरक्षण कायद्यानुसार मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते, आणि चाळीस पालकांची संमती तुम्हाला कोणी दाखवणार नाही. तुमच्या गटातले पाहुणे भारतातून पर्यटक म्हणून येत असतील आणि काही दिवस तिथे 'काम' करणार असतील तर पगार नसला तरी परवाना लागतो, हेही सांगून ठेवतो. संस्थेने तुमच्याकडे पोलिसांचं गुड कंडक्ट सर्टिफिकेट मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका. मागणारी संस्था चांगली.

एका मुलाचा खर्च उचलण्याबद्दल: मूल निवडू नका. फोटोंच्या यादीतून मूल निवडायला देणाऱ्या ठिकाणी मी पैसे देणार नाही. हिशेबात मी हेही पाहिलंय की एका मुलाच्या नावावर तीन-तीन देणगीदार होते, आणि त्या मुलाला घरी पाठवायचा विषय निघाला की तो पुढे ढकलला जायचा.

किसुमूवासी

अनघड, तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

खायला नसलेल्या घरी मूल पाठवून जबाबदारी झटकायची, हे मी कधीच म्हणणार नाही. आमच्या इथे एक मुलगी होती, दोन्ही पायांत कमजोरी, चालायला आधार लागायचा. घर टेकडीवर, पायवाट चिखलाची. तिला घरी पाठवायला दीड-दोन वर्षं लागली. आधी समाजसेविका घरी जाऊन आली, चिफाशी (भागाच्या सरकारी प्रमुखाशी) बोलली, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटली. मग एक शनिवार-रविवार, मग एप्रिलची सुट्टी, मग नाताळ. मी तिच्या मामीला व्यायाम शिकवले. त्या मामीचे हात माझ्याहून चांगले निघाले, कारण ती ते रोज करायची आणि मी आठवड्यातून एकदा. सुताराकडून दोन बांबूंचा कठडा करून घेतला, अंगणातच. संस्थेत इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं ते तिथे सहा महिन्यांत झालं, ती कठडा सोडून चार पावलं चालली. नाताळला घरी जाणं ही अशा वाटेवरची पहिली किंवा दुसरी पायरी असते, म्हणून ती कोणी काढून घेतली की मला इतकं लागतं.

पैशाचं म्हणाल तर अनाथ आणि गरजू मुलं सांभाळणाऱ्या कुटुंबांना इथलं सरकार महिन्याला २००० शिलिंग देतं. ते कमी आहेत, बऱ्याचदा उशिरा येतात, आणि सगळ्यांना मिळतही नाहीत. पण त्यावर सुद्धा आज्या नातवंडं वाढवतात. संस्थेत एका मुलामागे पहारेकरी, गाडी, कुंपण, ऑफिस हे सगळं धरून जो खर्च येतो त्याचा थोडासा भाग जरी त्या आजीच्या एम-पेसावर (मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर) गेला तर काय होईल याचा विचार करा. उद्यापासून संस्थेची देणगी बंद करा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर मुलंच उपाशी राहतील. देणगी द्या, आणि विचारा की यातून या वर्षी किती मुलं घरी गेली. देणगीदार हे विचारू लागले तर व्यवस्थापकाला अंगण भरलेलं दाखवायची गरज उरणार नाही.

आपलेपणा भेटल्याशिवाय येत नाही, हे मान्य. मग भेटा. वर्षभरातल्या साध्या दिवशी, एकाच ठिकाणी, पुन्हा पुन्हा. तुम्ही नैरोबीतच राहता, तुम्हाला ते जमण्यासारखं आहे. आपल्याला जे येतं ते घेऊन जा. गणित शिकवा, हिशेब लावून द्या, दात तपासा, शिवणयंत्र दुरुस्त करा. मुलांशी ओळख त्यातून आपोआप होते आणि टिकते.

दोघींची आई

सगळ्यांचे खूप आभार. किसुमूवासी, तुमचं लिहिणं मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्या आजीपाशी आल्यावर मला पुढे वाचता येईना.

आज संस्थेत फोन केला. बाईंना विचारलं, किती मुलं घरी जातात? त्या आधी गप्प झाल्या. मग म्हणाल्या की जवळजवळ तीस मुलांना नेणारं कोणीतरी आहे, पण दर वर्षी दहा-बाराच जातात, बाकीच्यांच्या भाड्याची सोय होत नाही आणि पाहुणेही येणार असतात. मी सांगितलं की आमचा गट भाडं देईल, आणि २५ ला आम्ही येणार नाही. बाईंचा आवाज एकदम बदलला. म्हणाल्या, खरंच? मग लगेच काकामेगा, बुसिया, मचाकोस, किटुई अशी गावांची नावं सांगायला लागल्या. मला वाटलं होतं त्या नाराज होतील.

गटातले काहीजण मात्र नाराज आहेत. दोघांनी म्हटलं की मुलांचे चेहरे बघायचे नसतील तर मजा काय. मी वाद घातला नाही, तुमचा मजकूर भाषांतर करून पाठवला. चौघांनी पैसे दिलेही.

थोरलीला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ विचार करत होती, मग म्हणाली, "म्हणजे त्यांचा ख्रिसमस त्यांची आजी करते." तिने आणि धाकटीने चाळीस कार्डं रंगवून ठेवलीत. त्यांचं काय करू? आणि भाड्याचे पैसे संस्थेला एकरकमी द्यावेत की आणखी काही पद्धत आहे?

हिशेबनीस

एकरकमी देऊ नका. बाईंवर अविश्वास आहे म्हणून नव्हे, त्यांनाही हिशेब दाखवायला सोपं जावं म्हणून. मुलाच्या नावाऐवजी क्रमांक, गाव, नेणाऱ्याचं नातं, तिकिटाची रक्कम, अशी यादी मागा. तिकिटं संस्थेकडून बसकंपनीला थेट एम-पेसाने काढली तर पावती आपोआप राहते. गावात उतरल्यावरचं बोडाबोडाचं (भाड्याच्या मोटारसायकलचं) भाडं मात्र रोख लागतं, ते विसरू नका.

किसुमूवासी

तुमच्या मुलीने माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलं!

कार्डं जरूर द्या. त्यावर तुमचा पत्ता किंवा फोन नको, 'पुन्हा भेटू' असंही नको, नुसत्या शुभेच्छा आणि चित्र. पिशवीत घालायला सांगा. घरी गेल्यावर मुलं अशी कार्डं भिंतीला लावतात, मी पाहिली आहेत, वर्षानुवर्षं तिथेच असतात.

पश्चिमेकडच्या गाड्यांची तिकिटं आताच काढायला सांगा. काकामेगा आणि बुसियाच्या बसेस १८-१९ पासून भरलेल्या असतात, आणि २३ ला मिळालं तर उभ्याने जावं लागतं. लहान मुलांना रात्रीच्या बसने पाठवू नका, सकाळची गाडी बघा. प्रत्येक मुलाला घरचं माणूस न्यायला येऊ दे, आणि येणं शक्य नसेल तर संस्थेतलं ओळखीचं कोणीतरी पोचवायला जाऊ दे. एकट्याला गाडीत बसवून देणं नको, मूल पंधरा वर्षांचं असलं तरी. मूल पोचल्याचा फोन समाजसेविकेला आलाच पाहिजे. घरी काही बिनसलं तर मुलाने ११६ वर फोन करायचा, फुकट आहे, हे निघण्याआधी त्याला तोंडपाठ करून घ्या.

जानेवारीत परत येण्याचं भाडंही आत्ताच बाजूला काढून ठेवा. ज्यांचं घर सुट्टीत नीट चाललं, त्यांना परत आणायचंच की तिथल्याच शाळेत घालायचं, हे चिल्ड्रन्स ऑफिसरबरोबर बसून ठरवता येतं. असं एखादं मूल निघालं तर त्याच्या गणवेशासाठी तुमच्या गटाकडे थोडे पैसे शिल्लक असू द्या. पिशवीत गव्हाचं पीठ दोन किलोंचं घ्या, एक किलो पुरत नाही, शेजारची मुलंही जेवायला येतात.